कावळेकोपऱ्यात काहीच नाही

टॅनर धरणात मासे कुठे आहेत हे माशांच्या आधी वेन्डल ट्रेमेनला कळतं, असं गावात एका माणसाचं ठाम मत होतं. तो माणूस म्हणजे स्वतः वेन्डल ट्रेमेन!

गावच्या साप्ताहिकात दर गुरुवारी त्याचं 'या आठवड्याचं पाणी' हे सदर यायचं. पाणी किती निवलं, ट्राउट मासे वर आले की खाली बसले, बास मासे कुठल्या काठाला लागले, गळाला गांडूळ लावायचं की माशाला भुलवणारा पत्र्याचा चमचा फिरवायचा, सगळं त्यात असायचं. ऑक्टोबर आला की वेन्डलच्या लेखणीला तर पंख फुटत. उन्हाळाभर तळाशी रुसून बसलेले ट्राउट धरणाच्या भिंतीपाशी वर येतात, चिमुकले मासे कोपऱ्याकोपऱ्यांत शिरतात आणि त्यांच्यामागे तोंड वासून बास. अशा वेळी डोंगरातल्या त्या चार गावांना वाट दाखवणारा आपल्याशिवाय आहे कोण?

"अरे, हे गाव माझ्या शब्दावर गळ टाकतं!" गस बेटनकोर्टच्या दुकानात काउंटरवर कोपर टेकून तो म्हणायचा. गसकडे जिवंत गांडुळं, पिठाच्या नारिंगी गोळ्या, गळ, दोरा आणि शिळी कॉफी एवढं सगळं एकाच वासाचं मिळायचं. "मी लिहितो आणि शनिवारी लोकांच्या होड्या हलतात! आहे का असा दुसरा माणूस?"

"नाही बाबा," गस म्हणायचा. "तू नसतास तर कुठे जायचं ते आम्हाला कळलंच नसतं." आणि गांडुळांचा फ्रिज उघडून त्यात डोकं घालायचा. मग आतून खोकल्यासारखा काहीतरी आवाज यायचा. गारठ्याने खोकतोय बिचारा, असं वेन्डलला वाटायचं.

आता सदर लिहिणारा माणूस आपली स्वतःची जागा सदरात लिहीत नसतो, हे सांगायला नको. वेन्डलची जागा होती कावळेकोपरा. धरणाच्या पार मागच्या अंगाला, वळसा घेऊन आत गेलेला, वरून ओक झाडांनी झाकलेला. तिथे तो उजाडता उजाडता जायचा आणि कुणी पाठीवर नाही ना हे पाहण्यासाठी आधी उलट्या दिशेला दोन वळणं मारायचा. हा कोपरा त्याला त्याच्या सासऱ्यांनी, ट्रूमननी, दाखवला होता. "जावईबापू, इथे तळाला चांगले दगड आहेत," ते म्हणाले होते. "मासे कायम असतात. का असतात ते विचारू नकोस." वेन्डलने विचारलं नाही. सासऱ्यांनी दिलेलं विचारून घ्यायचं नसतं, एवढी त्याला समज होती.

पण माणसाची हाव! चांगल्या दगडांवर त्याचं समाधान होईना. तिकडे सगळेच मासेमार नाताळ झाला की वाळलेली नाताळची झाडं गोळा करतात, सिमेंटचे ठोकळे बांधून पाण्यात बुडवतात. बासला आडोसा हवा असतो. फांद्यांत लहान मासे दडतात, त्यांच्या वासावर मोठे येतात. वेन्डलनेही तीन झाडं बुडवली. आणि मग सासरे गेल्यावर त्याच्या हाती लागली ती खुर्ची.

ट्रूमनची ती खुर्ची म्हणजे खुर्चीतली म्हैस होती! तपकिरी चामड्याची, ऐसपैस, बाजूचा दांडा ओढला की पाठ मागे आणि पाय वर. त्या खुर्चीत बसून ट्रूमननी आयुष्याचा उत्तरार्ध घोरत काढला. ते गेले, सासूबाई हेझल लेकीकडे राहायला आल्या, आणि डोरीन डोळे पुसत नवऱ्याला म्हणाली, "बाबांची खुर्ची कुणाला तरी उपयोगी पडू दे. सैनिक-निवासात नेऊन दे. एखादा म्हातारा सैनिक बसेल."

वेन्डलने खुर्ची गाडीवर चढवली. सैनिक-निवास उजव्या हाताला होतं आणि धरण डाव्या हाताला. वेन्डल डावीकडे वळला. एवढाच काय तो गुन्हा! खुर्चीला चार ठोकळे बांधून त्याने ती झाडांच्या मधोमध सोडली. पुढच्याच मोसमात पायांच्या फळीखालून त्याने असा एक बास ओढून काढला की गसने त्याचा फोटो दुकानात टांगला.

खुर्ची बुडवून तो घरी आला तेव्हा डोरीनने विचारलं, "मग? कुणाला दिलीस?"

इथे वेन्डलने "दिली" म्हणून गप्प बसायला हवं होतं. पण सदर लिहिणाऱ्याला तपशिलाची खोड. "ॲम्ब्रोज म्हणून एक आहे," तो म्हणाला. "एकाच पायाचा. खुर्चीत बसला आणि रडायलाच लागला."

झालं! डोरीनने ॲम्ब्रोजला मनोमन दत्तक घेतलं. दर महिन्याला त्याच्यासाठी पेस्ट्या भाजल्या जाऊ लागल्या. मांस-बटाट्याचं सारण भरलेली ही पेस्टी आपल्या करंजीची थोरली बहीण शोभावी एवढी. डोरीनच्या हातची म्हणजे काठ कुरकुरीत आणि आत वाफाळतं. वेन्डल त्या पोचवायला निघायचा आणि होडीत बसून खायचा. हिवाळ्यात तिने ॲम्ब्रोजसाठी लाल लोकरीचा मोजा विणला. एकच! पाय एक म्हटल्यावर दोन कशाला? वेन्डलने तो गळाच्या रिळावर चढवला. इतका बरोबर बसला की जणू त्याचंच माप घेतलं होतं.

"आवडल्या का रे त्याला पेस्ट्या?" डोरीन विचारायची.

"म्हणाला, असा काठ त्याच्या आईलाही जमला नाही." पोट भरलेलं असल्यामुळे वेन्डल मनापासून बोलायचा. "म्हणाला, सारणात मिरपूड नेमकी. म्हणाला, ज्याच्या घरी अशी बाई आहे तो माणूस भाग्यवान!"

डोरीनचा चेहरा उजळायचा. "तो बघ! नाहीतर तू. इतक्या वर्षांत एकदा तरी तोंडातून चांगलं निघालंय?"

"मी खातो ना," वेन्डल म्हणायचा.

"मला भेटायचंय त्याला."

"नको नको! लाजाळू आहे. बायका दिसल्या की त्याला हुंदका येतो."

असं सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. आणि त्या ऑक्टोबरात धरणाच्या कचेरीने जाहीर केलं की जुने दरवाजे दुरुस्तीला काढायचेत, म्हणून पाणी खाली नेणार. दरवर्षी शरदात नेतात तेवढं नाही. धरण बांधल्यापासून कधी नेलं नव्हतं तेवढं खाली!

वेन्डलच्या हातातला कॉफीचा पेला तसाच राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे कावळेकोपरा आला, कोरडा. मधोमध खुर्ची.

"अगं बाई, बरी आठवण झाली," डोरीन म्हणाली. धरणाचा आणि तिच्या आठवणीचा संबंध नव्हता, पण वाईट वेळा अशाच हातात हात घालून येतात. "रविवारी आईचा वाढदिवस. मी ठरवलंय, त्या दिवसापुरती बाबांची खुर्ची मागून आणायची. आई त्यात बसेल. आणि ॲम्ब्रोजलाही आणायचं जेवायला! मी स्वतः जाऊन आणते."

"तू?" वेन्डलचा आवाज चिरकला. "तू कशाला? मी आणतो ना! खुर्ची आणतो. ॲम्ब्रोजचं... त्याला जरा सर्दी आहे."

"खुर्ची आण म्हणजे झालं," कोपऱ्यातून हेझल म्हणाल्या. त्या विणकाम करताना ऐकत नाहीत असं सगळ्यांना वाटायचं. "ट्रूमन त्या खुर्चीत बसून माझ्याशी जितकं खोटं बोलला, तितकं त्याने चर्चमध्ये गुडघ्यावर बसून खरं सांगितलं नसेल. एकदा मलाही बसून बघू दे, काय असतं तिच्यात."

वेन्डलचा बेत तसा साधा होता. पाणी उतरत उतरत खुर्चीच्या माथ्यापर्यंत आलं की पहाटे जायचं, ठोकळे सोडायचे, खुर्ची ओढून काढायची, धुऊनपुसून रविवारी घरी हजर करायची. चामडं जरा हिरवट दिसेल. ॲम्ब्रोजने नीट ठेवली नाही, म्हणायचं! अडचण एकच होती. तोवर कावळेकोपऱ्यात कुणी फिरकता कामा नये.

म्हणून त्या गुरुवारी, आयुष्यात पहिल्यांदा, वेन्डलने सदरात कावळेकोपऱ्याचं नाव लिहिलं:

"पाणी झपाट्याने उतरत आहे. भिंतीपाशी ट्राउट चांगले वर आले आहेत. नारिंगी गोळी वापरावी. बाससाठी खडकाळ काठ पाहावेत. कावळेकोपऱ्यात काहीच नाही. चिखल आहे, घाण वास येतो, साप दिसल्याचंही ऐकिवात आहे. मासेमार बंधूंनी तिकडे वेळ घालवू नये."

लिहून त्याने समाधानाने हात चोळले. साप तर झकासच जमला होता!

शुक्रवारी उजाडता उजाडता तो दोन उलटी वळणं मारून कावळेकोपऱ्यापाशी आला आणि त्याची होडी आपोआप थांबली. आत जागाच नव्हती! होडीला होडी लागलेली. काठावर घडीच्या खुर्च्या, थर्मास, कुत्री. एकाने शेगडी पेटवून अंडी तळायला घेतली होती. शेजारच्या गावचे लोकसुद्धा आले होते. आणि सगळ्यांच्या पुढे, अगदी वेन्डलच्या नेहमीच्या ठिकाणी, गस बेटनकोर्ट!

"गस! इथे काय करतोयस? मी स्पष्ट लिहिलंय, इथे काहीच नाही म्हणून!"

"म्हणून तर आलो," गस म्हणाला.

"म्हणजे?"

गसने गळ आत ओढला. सांगावं की न सांगावं असं त्याच्या तोंडावर होतं. "वेन्डल्या, आता लपवण्यात अर्थ नाही. तुझं सदर आम्ही उलटं वाचतो. पहिल्यापासून! तू 'जा' म्हणालास की जायचं नाही, 'नको' म्हणालास की सगळं सोडून निघायचं. फार उपयोगी सदर आहे रे. कधी चुकत नाही."

"सगळं गाव?"

"पाद्रीसुद्धा. आणि ज्या जागेचं नाव तू आजवर कधी काढलं नाहीस, तिथे काहीच नाही म्हणालास, वर साप! साप वाचल्यावर मी दुकानच बंद केलं."

वेन्डलला फ्रिजमधला खोकला आठवला. कानाच्या पाळ्या तापल्या. पण मनाला लावून घ्यायला वेळ कुठे होता? त्याच वेळी पलीकडे कुणीतरी ओरडलं, काठी वाकली आणि एक जाडजूड बास पाण्याबाहेर उसळला. टाळ्या पडल्या! वेन्डलने ओळखलं. पायांच्या फळीखालचा होता तो.

रात्रभर त्याने विचार केला आणि शनिवारी सकाळी त्याला उपाय सुचला. इतका सोपा की आपणच आपल्या पाठीवर थाप मारावी! लोक उलटं वाचतात ना? मग खरं लिहायचं! गसच्या दुकानाबाहेरच्या फळ्यावर त्याने खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: "कावळेकोपरा! या मोसमातले सर्वांत मोठे बास! धावा!"

दुपारपर्यंत कोपऱ्याकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली.

"हे कसं झालं?" वेन्डल कळवळून म्हणाला.

"अरे, काल आम्ही सगळ्यांनी तिथे मासे पकडले," गसने समजावलं. "आज तू लिहिलंस, तिथे मासे आहेत. पटलं लोकांना. म्हणाले, वेन्डल म्हातारा झाला, खरं बोलायला लागला. कौतुक वाटलं सगळ्यांना!"

आता एकच मार्ग उरला. रविवारी पहाटे, कुणी यायच्या आत, वेन्डलने आपली पत्र्याची सपाट होडी नेमकी खुर्चीच्या वर नेऊन उभी केली. खुर्चीवर पाणी हातभरच उरलं होतं. खाली चामड्याचा माथा अंधूक दिसत होता. ठोकळ्यांच्या साखळ्या गंजून चिकटल्या होत्या. त्याने ओढून पाहिलं, हिसडून पाहिलं, त्यांना नावं ठेवून पाहिलं. खुर्ची हलली नाही. सासऱ्यांचीच होती, तिला उठायची सवय नव्हती! आणि एवढ्यात काठावर पहिली गाडी येऊन थांबली.

"ओ वेन्डल! लवकर आलात!"

"हो! इथेच बसणार आहे!" वेन्डल हसला. मनात म्हणाला, होडी हलवायची नाही. झाकून बसायचं. दिवसभर बसायचं. मंडळी गेली की काढू. वाढदिवसाचं जेवण संध्याकाळी आहे.

बेत वाईट नव्हता. पण पाणी काही वेन्डलचं सदर वाचत नव्हतं. ते उतरत राहिलं. दुपार होता होता आजूबाजूच्या होड्या एकेक करून मागे सरकल्या, चिखल उघडा पडला, लोक गुडघ्याएवढे बूट चढवून उभे राहिले. आणि वेन्डलची होडी मात्र जिथल्या तिथे! बरोबर जिथल्या तिथे. पाणी खाली गेलं आणि होडी वरच राहिली. आधी तिचं नाक वर झालं, मग शेपूट झुललं. कावळेकोपऱ्याच्या मधोमध हवेत अधांतरी तोल सांभाळत, हातात गळ धरून वेन्डल ट्रेमेन अगदी काही झालंच नाही अशा थाटात बसला होता.

काठावरचे गळ जागच्या जागी थांबले.

"वेन्डल्या," गसने हाक मारली. "तू कशावर आहेस रे?"

"दगड! इथे तळाला चांगले दगड आहेत!"

"दगडाला हात आहेत तुझ्या."

आणि नेमक्या त्याच क्षणी कच्च्या रस्त्यावरून डोरीनची गाडी आली. डोरीन उतरली. मागून काठी टेकत हेझल उतरल्या. डोरीनचं तोंड असं होतं की शेगडीवाल्याने अंडी तशीच सोडली आणि वाट करून दिली.

आपण उठून काहीतरी करावं असं वेन्डलला वाटलं. नांगराचा दोर खाली कशाला तरी अडकला होता. सोडवावा म्हणून त्याने जोर लावून ओढला. ते जे काही होतं, तो खुर्चीचा दांडा होता! इतकी वर्षं पाण्यात राहूनही त्या खुर्चीने आपलं इमान सोडलं नव्हतं. खाट्कन पाठ मागे गेली, पायांची फळी वर उसळली, होडी एका अंगाला घसरून चिखलात पालथी झाली आणि वेन्डल धप्पकन खुर्चीत येऊन पडला. पाठ टेकलेली, पाय फळीवर वर, हातात गळ, रिळावर लाल मोजा.

सगळं गाव बघत होतं. कुत्रीसुद्धा.

डोरीन पाण्याच्या काठापर्यंत आली. "मी सैनिक-निवासात जाऊन आले," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता आणि त्यामुळेच भीती वाटत होती. "म्हटलं, आपण जाऊन बोलावलं तर ॲम्ब्रोजला बरं वाटेल. तिथे ॲम्ब्रोज नाही. कधीच नव्हता. मी सांगत होते, एका पायाचा, लाजाळू, बाबांच्या खुर्चीत बसतो. त्यांनी मला पाणी दिलं आणि बसायला सांगितलं, वेन्डल. त्यांना वाटलं, मलाच काहीतरी झालंय."

"डोरीन, ऐक..."

"तो माझा मोजा आहे का?"

वेन्डलने रिळाकडे पाहिलं. नाही म्हणायची सोय नव्हती. "हो."

"पेस्ट्या?"

"खाल्ल्या."

"सगळ्या?"

"काठाचे तुकडे माशांना टाकायचो. कधीकधी."

काठावर कुणीतरी हसायला गेलं आणि गसने त्याच्या पायावर पाय दिला. डोरीनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "खुर्चीचं एक वेळ जाऊ दे," ती म्हणाली. "पण आजवर माझ्या हातच्या चवीचं एका माणसाने कौतुक केलं. एकाच. आणि तो माणूस जन्मालाच आलेला नाही!"

वेन्डलला वाटलं, होडीबरोबर आपणही पालथं पडायला हवं होतं. पाय खाली घ्यावेत म्हणून त्याने दांडा ढकलला, पण तो आता अडकला होता. पाय वर ठेवूनच त्याला बोलावं लागलं.

"अगं, ते सगळं मीच म्हणत होतो," तो म्हणाला. "मिरपुडीचं, काठाचं, भाग्यवान माणसाचं. मलाच तसं वाटायचं. तुझ्यासमोर बोलायला मला जमत नाही, म्हणून त्याच्या नावावर सांगत होतो. ॲम्ब्रोज मीच, डोरीन."

डोरीन बघत राहिली. आणि तेवढ्यात सगळ्यांना विसर पडलेल्या हेझल खुर्चीच्या मागे बोट दाखवून म्हणाल्या, "जावईबापू, जरा बाजूला हो बघू. तुझ्यामागे ते काय आहे?"

खुर्चीच्या मागे, ओसरत्या पाण्यातून, नाताळच्या झाडांच्या काटक्यांमधून एक काळं धूड वर आलं होतं. चार वाकडे लोखंडी पाय, भट्टीचं दार, दारावर ओतीव द्राक्षांची वेल.

"माझी चूल!" हेझल म्हणाल्या.

"आई, कसली चूल?"

"माझ्या लग्नातली! तुझ्या बाबांनी अनाथाश्रमाला दिली होती ती!" म्हाताऱ्या बाई चिखलात दोन पावलं पुढे गेल्या. "मला म्हणाला, पोरं थंडीत कुडकुडतात, हेझल. मी रडले आणि दिली. दर शरदात त्या पोरांसाठी जॅमच्या बरण्या भरून दिल्या. तो नेऊन पोचवायचा. परत येऊन सांगायचा, धाकटी पोरगी तुझ्या जॅमचं फार नाव काढते म्हणून!" त्या थांबल्या. त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं. "तरीच डॉक्टर विचारत होते, या माणसाच्या रक्तात एवढी साखर आली कुठून!"

चांगले दगड! वेन्डलला आता कळलं, सासऱ्यांनी का विचारू नकोस म्हटलं होतं.

इतका वेळ गावकरी मजा बघत होते. पण चूल निघाल्यावर काठावरच्या पुरुषमंडळींत चुळबुळ सुरू झाली. पाणी अजून उतरतच होतं, आणि आता कोपऱ्याच्या तोंडाशी, गसच्या होडीखाली, पांढरं काहीतरी चमकायला लागलं होतं. गस घाईघाईने गळ आवरू लागला.

"गस," कुणीतरी विचारलं, "तुमच्या जुन्या घरात तसलाच बाथटब होता ना? चर्चच्या विक्रीला दिलेला?"

"मी निघतो," गस म्हणाला. "दुकान उघडं टाकून आलोय."

पण गसची बायको आधीच काठावर येऊन उभी होती. तासाभरात गावातल्या निम्म्या बायका गुडघ्याएवढे बूट घालून चिखलात उतरल्या. बाजारात भाजी बघावी तशा त्या हिंडत होत्या. ही माझी पिंपं, तो माझा पाळणा, आणि ही मेली कपडे धुवायची यंत्रं एकसारखी दोन कुणाची? दानधर्माच्या बाबतीत ते गाव जिल्ह्यात पहिलं होतं. आता कुठे कळलं, सगळा दानधर्म एकाच जागी साठला होता!

हेझलनी वेन्डलला हात देऊन खुर्चीतून उठवलं आणि स्वतः त्यात बसून घेतलं. चामड्यातून पिचकारीसारखं पाणी उडालं. त्यांनी पाय वर घेतले, डोळे मिटले.

"बरी आहे," त्या म्हणाल्या. "हिच्यात बसलं की माणसाला खोटं सुचतं, यात काही नवल नाही."

पुढच्या गुरुवारी सदर आलं. ते डोरीनने आधी वाचलं आणि मगच जाऊ दिलं. त्यात फक्त खरं होतं: "ट्राउट भिंतीपाशी आहेत. सकाळी. नारिंगी गोळी. शपथेवर." शनिवारी सगळं गाव तिथून शक्य तितक्या लांब, नदीच्या तोंडाशी जाऊन बसलं आणि रिकाम्या हातांनी परतलं. भिंतीपाशी एकट्या हेझल होत्या. खुर्ची त्यांनी तिथे नेऊन ठेवून घेतली होती. दुपारपर्यंत त्यांची बादली ट्राउटनी भरली.

"तुम्हाला कसं कळलं, मी खरं लिहिलंय म्हणून?" वेन्डलने विचारलं.

"वाक्यं छोटी होती," हेझल म्हणाल्या. "बायको मागे उभी असताना पुरुष अशीच लिहितो."

त्या संध्याकाळी डोरीनने पेस्ट्या केल्या. वेन्डलने पहिला घास घेतला. काठ कुरकुरीत, आत वाफाळतं, मिरपूड नेमकी. त्याने मनाचा हिय्या केला, काटा खाली ठेवला आणि कुणाच्याही नावाआड न लपता, बायकोच्या डोळ्यांत बघून तो म्हणाला, "डोरीन, पेस्टी फार सुंदर झालीय."

डोरीनचा हात थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं. पेस्टी उचलून तिने खालून तपासली, मग वरून.

"काय झालंय?" तिने संशयाने विचारलं. "करपलीय? मीठ जास्त पडलंय?"

"नाही गं! खरंच छान आहे!"

"बघ आई, काहीतरी बिघडलंय नक्की." डोरीनने सुस्कारा सोडला आणि ताट पुढून उचललं. "ॲम्ब्रोज असता तर त्याने खरं सांगितलं असतं."